पेटीवाला

परवा हाताच्या छोट्या ऑपरेशनसाठी काखेत स्पिरिटचा बोळा फिरला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर माझी नस दाखवली, "ही बघा काका!" मी मात्र त्या वासाबरोबर थेट पंचवीस वर्षं मागे पोचलो होतो.

तेव्हाही मी असाच ऑपरेशनच्या टेबलावर होतो, रत्नागिरीत. मोहोरावर फवारणी करताना आंब्यावरून पडून मनगट मोडलेलं, शिमगा तीन महिन्यांवर, आणि गावच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या सोंगांच्या खेळात, मृदंग वाजवणारा मी एकटा. हात पुन्हा चालेल का, हीच धास्ती होती. तेव्हाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे पडदा नव्हता. सुईतून विजेचे बारीक ठोके सोडणारी एक पेटी होती. सुई नसेजवळ गेली आणि माझी बोटं आपोआप नाचू लागली. टक, टक, टक! त्यांनी वीज कमी केली, तरी बोटं थांबेनात. "नस सापडली," ते पुटपुटले.

भीती लपवायला मी म्हटलं, "डाक्टर, ठेका झ्याक हाय, पन सम कुठं हाय?"

"मी नुसता पेटीवाला," सुईवरची नजर न काढता ते म्हणाले. "सम तुम्ही शिमग्याला घ्यायची."

मला ती थट्टाच वाटली. पण शिमग्याला मी समेवर थाप मारली, तेव्हा पेटीवाला पुढच्याच रांगेत होता. सगळे सोंगांकडे बघत होते. तो माझ्या बोटांकडे.