जोगळेकरांचा एक मासा

तळ्यावर मासे कमी लागतात आणि किस्से जास्त. सिंगापूरच्या पार उत्तरेला, एमआरटी मेट्रोतून उतरून पुढे बस करावी लागते अशा जागी एक जलाशय आहे. तिथे आम्ही तिघं दर रविवारी सकाळी गळ टाकून बसायचो. हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत असलेले मालवणचे सावंत, तांजोंग पगारला आयटीत असलेले पुण्याचे जोगळेकर आणि मी. धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हा आमचा नियम. जोगळेकर पक्के शाकाहारी, त्यामुळे नियम त्यांना फार पटलेला. अडचण एवढीच, की सोडायला त्यांना कधी मासाच मिळाला नाही. यंदा त्यांचा इथला कामाचा पास रिन्यू झाला नाही, महिनाअखेरीला पुण्याला परतायचं ठरलं. तेव्हापासून एकच ध्यास, "जाण्याआधी एक तरी."

*

इथे फक्त खोटं आमिष चालतं, रबरी किडे वगैरे. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी जोगळेकर डबाभर कणकेच्या गोळ्या घेऊन आले, आपल्याकडे घाटावर माशांना घालतात तशा. जलाशयावरच्या अधिकाऱ्याने नम्रपणे अडवलं.

"सर, धिस गिव्ह्ज पुण्य," जोगळेकर म्हणाले.

"ओके सर, बट नॉट इन द वॉटर."

दुपारी त्याच कणकेच्या पुऱ्या झाल्या. आम्हालाही आल्या.

*

सावंतांना गोड्या पाण्यातला मासा हा मासाच वाटत नाही. तरी हातात आला की तोलून बघणार आणि मनातलं बोलणार, "डोक्याचं सार, मधल्या तुकड्या तळायला."

"सावंत," जोगळेकर कळवळून म्हणायचे, "निदान त्याच्यासमोर तरी नको हो."

*

शेजारी एक चिनी अंकल बसतात. मासे आहेत का विचारलं की ठरलेलं उत्तर, शेवटी इथल्या बोलीतलं 'लाह' जोडून, "येस्टरडे गॉट, टुडे डोन्ट हॅव लाह." जोगळेकर हट्टाला पेटले आणि एकदा शनिवारीच गेले. अंकल होतेच.

"येस्टरडे गॉट लाह."

*

जोगळेकरांच्या आईचा व्हिडिओ कॉल नेमका तळ्यावर यायचा. मुलगा मासे धरतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते फोन झाडांकडे फिरवायचे. एकदा हातातली गळाची काठी दिसलीच. पुढच्या आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर आईंनी गुडघ्यांना लावायचं तेल पाठवलं.

*

शेवटचा रविवार. सामान बोटीने पुढे गेलेलं, दुसऱ्या दिवशीचं विमान. ऊन चढलं तरी जोगळेकरांची काठी हलेना. सावंतांना लागोपाठ दोन लागले, तसे ते ओशाळले आणि स्वतःचा गळ गुंडाळून बसले. मला तर जोगळेकरांकडे बघवेना. आवरायला घेतलं आणि त्यांची काठी वाकली.

"ओढू नका, दोरी सैल सोडा," सावंत हलक्या आवाजात सांगत होते. "आता घ्या. सावकाश."

वीतभर मासा, हिरवट, अंगावर काळे पट्टे. जोगळेकरांनी हात ओले केले, गळ अलगद सोडवला. मी फोन काढला, म्हटलं, "इकडे बघा." त्यांनी बघितलं नाही. ते काठावर ओणवे झाले आणि मासा पाण्यात धरून राहिले. त्याने शेपटी हलवली तसे हात सैल केले, आणि रोजच्या आवाजात त्याला म्हणाले, "बराय, येतो मग."