सात इंचांचा वाद

बास्केटबॉलशी माझी ओळख हमालीतून झाली. विशीत मी धान बाजारात पोती वाहायचो आणि बाजाराच्या कुंपणाला लागून क्रीडा मंडळाचं ग्राउंड होतं. माल उतरला की पाठ टेकायला म्हणून कुंपणाशी बसायचो आणि समोर खेळ चालू असायचा. पुढे मी हमालाचा दलाल झालो, दलालाचा अडत्या झालो, स्वतःचं गोदाम बांधलं. एवढ्या वर्षांत एकही मॅच चुकवली नाही आणि एकदाही बॉल हातात घेतला नाही. मंडळाचा आजीव सभासद मात्र झालो.

तेव्हा आमची टीम अशी होती की गोंदिया-बालाघाटचे लोक आमच्या गावाचं नाव निघालं की धसक्याने आधी चहा मागवायचे. मग सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास मंडळाला प्रगती करावीशी वाटली. मुरमाचं ग्राउंड दर पावसाळ्यात वाहून जायचं, म्हणून त्यावर सिमेंट काँक्रीट टाकलं. मंत्री आले, फीत कापली, संगमरवरी पाटी बसली. आणि त्या वर्षापासून टीम हरायला लागली.

गंमत अशी की घरच्या ग्राउंडावर टीम हरत नव्हती. गावात खेळली की बॉल पाण्यात दगड पडावा तसा रिंगमध्ये पडायचा. बाहेर गेली की तोच बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत यायचा. नागपुरात हरली, गोंदियात हरली, साकोलीत तर एका शाळेच्या टीमकडून हरली.

मंडळाने उपाय सुरू केले. आधी कॅप्टन बदलला. मग बनियनचा रंग बदलला. मॅचच्या दिवशी पोरांनी पोहे खायचे नाहीत असा ठराव झाला. शेवटी रिंगखाली सत्यनारायण घातला. प्रसाद उत्तम होता. पुढच्याच आठवड्यात टीम बालाघाटला वीस पॉइंटांनी हरली.

या सगळ्यात मला काळजी एकाच पोराची होती. जवळच्या बपेरा गावाहून एसटीने यायचा, पंचविशीचा, अंगाने काटक. शूटिंगमध्ये त्याच्यासारखा जिल्ह्यात नव्हता. नागपूरच्या एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती निघाली होती आणि चाचणीला दीड महिना उरला होता. वयाच्या अटीमुळे त्याला पुढच्या वर्षी बसता येणार नव्हतं. नोकरी लागली तर लागली, नाहीतर बापाबरोबर मजुरी.

त्या बालाघाटच्या मॅचला मी त्याचा प्रत्येक शॉट मोजला. चुकलेले सगळे आखूड पडले होते. एकही डावीकडे नाही, उजवीकडे नाही, लांब नाही. मी बाजारातला माणूस. शंभर पोत्यांत प्रत्येक पोतं सारखंच कमी भरत असेल तर पोती कुणी तपासत नाही, काटा तपासतात.

दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून टेप मागून आणला, शिडी लावली आणि आमची रिंग मोजली. दहा फूट पाहिजे. भरली नऊ फूट पाच इंच. दुसरीकडचीही तेवढीच. खांब होते तिथेच होते. मुरमावर गिट्टी आणि काँक्रीट चढून जमीनच सात इंच वर आली होती. दोन वर्षं आमची पोरं बुटक्या रिंगवर हात बसवत होती आणि परगावी जाऊन दहा फुटांच्या रिंगपुढे तोंडावर पडत होती.

मला वाटलं, मंडळ माझे पाय धरेल.

मंडळाचे अध्यक्ष राइस मिलचे मालक होते. मी हमाल असताना त्यांच्या मिलमध्ये पोती टाकली होती आणि हे ते विसरले नव्हते. सचिव म्हणजे शाळेचे पीटी सर. मी टेप टेबलावर ठेवला.

"भाऊ," अध्यक्ष म्हणाले, "मंत्रीसाहेबानं उद्घाटन केलेल्या ग्राउंडात खोट हाय, असं मी ठरावात लिहू काय?"

"ठरावात लिहू नका. रिंग वर घ्या."

"वर घेतली तं लोक म्हणतीन, आधी खाली होती."

"होतीच न."

पीटी सर म्हणाले, "इतक्यानं काय होते? शूटिंग हातात असते, रिंगमंदी नाई."

"सर, तुमच्या घराची चौकट सात इंच खाली घ्या," मी म्हणालो, "अन् मंग सांगा काय होते."

सर खरोखर उंच होते. सगळे हसले आणि वातावरण सैल झालं. अध्यक्षांनी सुपारी पुढे केली. "तुमी मंडळाचे जुने माणूस. तुमचाबी मान राहिला पायजे अन् मंडळाचाबी. दोन इंच वर घेऊ."

इथे माझ्या हातून जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. समोरच्याने आकडा टाकला की माझं तोंड आपोआप उघडतं. वीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "सहा."

"अडीच."

"पाचच्या खाली जमत नाई, साहेब."

मी उठायचं नाटक केलं. त्यांनी बसवलं. मी पाटीचा विषय काढला, त्यांनी मंडळाच्या इभ्रतीचा. अर्ध्या तासाने साडेतीन इंचांवर सौदा पटला आणि हातात हात दिला गेला. मी पायऱ्या उतरलो तो बक्कळ नफा झालेल्या माणसासारखा खुशीत. अध्यक्षांना दोनवरून साडेतीनवर आणलं होतं.

फाटकाशी तो बपेऱ्याचा पोरगा उभा होता. "काय झालं, काकाजी?"

"साडेतीन इंच वर घेऊन राहिले."

त्याने विचारलं, "मंग चाचणीले रिंग किती राहीन?"

मी तसाच परत फिरलो. राग खरं तर माझा माझ्यावर होता, पण अध्यक्ष जवळ सापडले. त्यांना, त्यांच्या मिलला आणि पाटीवरच्या मंत्र्याला मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी माझं सभासदत्व रद्द झालं. मिळवलेले साडेतीन इंचही त्यांनी परत घेतले. शांत राहिलो असतो तर पोरांना निदान अर्धं मिळालं असतं, हे कळायला मला आठवडा लागला.

मग मी माझ्या गोदामाच्या आवारात खांब म्हणून सागाची बल्ली पुरली, फळ्यांचा बोर्ड ठोकला आणि लोहाराकडून कडं करवून घेतलं. टेप स्वतः धरला. बरोबर दहा फूट. मुलगा रोज सकाळी पहिल्या एसटीने यायचा आणि बाजार भरेपर्यंत शूट करायचा. पहिले आठ दिवस सगळं आखूड. हमाल विडी ओढत बघायचे. "शेट, या आंब्याले कवा लागन फळ?" मी त्यांच्यावर खेकसायचो. पंधराव्या दिवशी बॉल आत पडायला लागला. महिन्याने हमालांनी बघणं सोडलं, कारण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं; प्रत्येक बॉल आत.

त्याला नोकरी लागली.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाने गावात सामने भरवले आणि तो नागपूरच्या टीमकडून खेळायला आला. मी तिकीट काढून बसलो. आपल्याच गावात तिकीट काढणारा माजी आजीव सभासद मी एकटाच. रिंग अजून नऊ फूट पाच इंचच होती.

त्याचा पहिला शॉट रिंगवरून जाऊन मागच्या कडेवर आपटला. दुसराही. तिसऱ्याला त्याने हात आखडता घेतला तर भलतीकडेच गेला. आमची पोरं मात्र डोळे मिटून टाकत होती. गाव चौदा पॉइंटांनी जिंकलं. तीन वर्षांत प्रथमच आम्ही नागपूरला हरवलं होतं. अध्यक्षांनी माइक घेतला आणि सांगितलं की काही विघ्नसंतोषी लोक आपल्या ग्राउंडाला नावं ठेवत होते, आज खेळाडूंनी त्यांना उत्तर दिलं आहे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडे बघून जास्त जोरात वाजवत होता.

मुलगा टॉवेल गळ्यात टाकून माझ्याकडे आला आणि पाया पडला. "मले ठाऊक होतं न काकाजी, रिंग खाली हाय म्हणून. पुरा वेळ ध्यानात होतं. पण हात आयकतच नोता."

"नको आयकू दे," मी म्हणालो.

गाव आपल्या जिंकण्यावर खूश होतं; त्याचा हात आता दहा फुटांनाच बसलाय म्हणून त्याच्या चुकण्यावर खूश झालेला मी एकटाच होतो. गावाला ते सांगायचं तर पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागलं असतं. माझी तयारी होती. पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं, सगळे अध्यक्षांच्या सत्काराकडे वळले होते.