साळवे मास्तरांनी निवडलेला काठ

प्रभाकर साळवे यांचा मृत्यू पाण्यात झालेला नाही. हे विधान मी सुरुवातीलाच करून ठेवतो, कारण त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने डोळे पुसत सांगितले की, पाण्याच्या नादानेच मास्तरांना आपल्यातून ओढून नेले. आणि सभेने माना डोलावल्या. मी उभा राहून हरकत घेतली. मला हाताला धरून खाली बसवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सभेच्या चिटणिसांना पत्र लिहून मी इतिवृत्तात दुरुस्ती मागितली, नंतर स्मरणपत्र पाठवले. दोन्हींना उत्तर नाही. म्हणून हा लेख.

वस्तुस्थिती अशी आहे. दुपारची वेळ होती. आमच्या खालच्या दुकानात फोन आला आणि दुकानदाराने हाक मारली, "साळवे मास्तरांच्या घरून आहे." जिना उतरताना माझ्या मनात दुसरे काही नव्हते. कुठल्या पाण्यावर? कोण होते बरोबर? फोनवर सुमनवहिनी होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... खुर्चीत बसल्या बसल्या." आणि मी, ज्याने न्यायालयाच्या कचेरीत उभा जन्म घालवला, त्या माउलीला विचारले, "कुठल्या काठावरची खुर्ची?" हृदयविकाराचा झटका होता. त्यांना रिक्षात घातले, रिक्षा धामणकर नाक्यावर आडव्या लावलेल्या ट्रकांच्या मध्ये अडकली. लवकर पोहोचूनही उपयोग झाला नसता, असे डॉक्टर सांगतात. त्या ट्रकांविषयी मला जे म्हणायचे आहे ते मी योग्य त्या ठिकाणी लेखी म्हटले आहे. येथे इतकेच की, पाणी तेथून बरेच दूर होते.

मग पाण्याची कथा आली कोठून, हे सांगणे भाग आहे. आता ते लपवून कोणाचे रक्षण होणार नाही, आणि वहिनींनी मला तशी स्पष्ट परवानगी दिली आहे. साळव्यांना फिट येत असे. आम्ही शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासूनची ही गोष्ट. त्यांचे गाव वज्रेश्वरीच्या वाटेवर, नदीकाठी. एकदा ते नदीवर असतानाच फिट आली आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना केसाला धरून बाहेर काढले. तेव्हापासून भावंडे गळ घेऊन नदीवर जात आणि प्रभाकर ओटीवर बसून चित्रे काढी. त्यातूनच पुढे तो चित्रकलेचा शिक्षक झाला. औषधाच्या गोळ्यांनी दुखणे पुष्कळसे काबूत आले, तरी शाळेत त्याने ते कधी कळू दिले नाही. नोकरी जाईल ही धास्ती होती. ती अनाठायी नव्हती. मी नियम वाचले होते. बाहेरच्यांत हे ठाऊक असलेला मी एकटाच.

आम्ही पंचेचाळिशी ओलांडली आणि एके दिवशी, ऐंशीचे दशक सरता सरता, साळवे माझ्या घरी येऊन म्हणाला, "मला मरळ धरायची आहे." मरळ हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. झाडोऱ्यात दबा धरून बसतो, दिवसचे दिवस हूल देतो, आणि येतो तेव्हा काठी हातातून ओढून नेतो. त्याच्या थोरल्या भावाने धरलेल्या एका मरळीची हकिकत याने ओटीवर बसून इतक्यांदा ऐकली होती की ती त्याच्या मनातून गेलीच नाही. मी त्याला डॉक्टरांच्या सूचना ऐकवल्या. पाणी, विस्तव आणि उंची या तिन्हींपासून दूर राहावे. तो म्हणाला, "मग राहिलं काय वकीलसाहेब? खडू आणि फळा?" मी वकील नाही, कारकून होतो, पण माझा राग वाढवायचा असला की तो मला वकीलसाहेब म्हणे. वहिनींनी निकाल दिला, "भाऊजी बरोबर असतील तरच. आणि जागा भाऊजी ठरवतील." मी शब्द दिला. त्या शब्दाने माझ्या पुढल्या कित्येक रविवारांची झोप उडवली.

नवख्या माणसाने मासा धरायला कोठे बसावे, या प्रश्नाचा आम्ही जितका काथ्याकूट केला तितका या तालुक्यात कोणी केला नसेल. कामवारी नदी घराजवळ आणि उथळ, म्हणून मी ती सुचवली. तिच्यात त्या काळी कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे रोज निराळ्या रंगाचे पाणी वाहत असे. साळवे काठावर उभा राहून म्हणाला, "इथं ब्रश बुडव, गळ कशाला." त्याला दगडाच्या जुन्या खाणीत साठलेले पाणी खुणावत होते, कारण तेथे हातभर लांबीची मरळ पाहिल्याचे कोणीतरी सांगितले होते. खाणीचा कडा सरळ तुटलेला, खाली तळ दिसत नाही. मी नुसता तेथे उभा राहिलो आणि लगेच दोन पावले मागे सरलो. वज्रेश्वरीकडची नदी त्याच्या ओळखीची, पण तेथे ओढ होती आणि शेवाळलेले खडक होते. अखेर दापोड्याच्या पलीकडचे एक गावतळे सापडले. गुरे उतरण्यासाठी केलेला लांब, उतरता काठ. गुडघाभर पाणी पुष्कळ आतपर्यंत. कडेने लव्हाळे आणि पाणवनस्पती. साळवे मोठ्या उत्साहाने सांगू लागला, "अरे, मरळ खोल पाण्यात नसतेच. ती कडेच्या गवतात असते, हवा घ्यायला वर येते. तुला पाहिजे तीच जागा तिलाही पाहिजे." हा मला अशिलाच्या सोयीचा युक्तिवाद वाटला. मी डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, फिट आली असता तोंड पाण्यात गेले तर गुडघाभर पाणीसुद्धा पुष्कळ झाले.

तरीही जागा ठरली. त्या तळ्याचा मासेमारीचा ठेका काथोड पाटील नावाच्या वयस्क गृहस्थांकडे होता. परवानगीवाचून दुसऱ्याच्या पाण्यात गळ टाकणे मला मान्य नव्हते, म्हणून मी रीतसर अर्ज लिहून नेला. पाटलांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "गल टाकाला कागद कनाला पायजे? बसा की." मी सही मागितली. ते साळव्याला म्हणाले, "मास्तर, ह्यो माणूस जेवाला बसताना पन अर्ज करतं क?" साळवे म्हणाला, "करतो. आणि पोचही घेतो."

साळवे लव्हाळ्याच्या कडेला बसे, मी त्याच्या डाव्या हाताला, किंचित मागे. फिट येण्यापूर्वी तो एकाएकी गप्प होई, नजर एका ठिकाणी थिजे आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासू लागे. ही खूण मला शाळेपासून पाठ. ज्या उद्योगात माणसाने गप्प बसायचे, एका ठिकाणी टक लावायची, त्यात हे ओळखायचे कसे? मी त्याला उगीच प्रश्न विचारी. वर्गात पोरे किती, पगारवाढ मिळाली का, घरी आज काय केले आहे. तो चिडे. "मासे पळतात तुझ्या उलटतपासणीनं." एकदा पाटील मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "भाऊ, तुमी मासा बगताव का मास्तरला बगताव?" खरे कारण सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

आणि मग तो दिवस. साळवे गप्प झाला. नजर थिजली. अंगठा हलू लागला. मी क्षणाचाही विलंब न लावता त्याची कॉलर धरली आणि सर्व बळाने मागे ओढले. आम्ही दोघेही चिखलात उताणे पडलो. काठी पाण्यात गेली, हेलकावली, आणि लव्हाळ्याच्या आत सरसरत नाहीशी झाली... मरळ लागली होती. तो अंगठ्याने दोरा चाचपत होता, इतकेच. साळवे चिखलातून उठला तेव्हा त्याचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. म्हणाला, "माझ्या बापानं मला असंच ओढलं होतं. तेव्हा मी खरंच बुडत होतो." आणि कॉलर सारखी करत, "काठावर बसायचा मला हक्क आहे की नाही, तेवढं तुझ्या कायद्यात बघून सांग." त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी त्याला दोन पत्रे लिहिली, दोन्हींत माझी बाजू बिनतोड होती. त्याने ती वाचली की नाही ते मला ठाऊक नाही.

पुढच्या एका रविवारी मी समेट करावा म्हणून त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडले. माझ्या मागे जिन्यात कोणी आहे का ते पाहिले. "हे कुठे आहेत? तुमच्याबरोबरच जातो म्हणाले की सकाळी." पुढचे काही मी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. आम्ही रिक्षा केली. त्या वर्षी दापोड्याच्या बाजूला गोदामे उभी राहू लागली होती आणि मुरुमाचे ट्रक रस्ता अडवून उभे. वहिनी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी मनातल्या मनात खाणीपर्यंत जाऊन आलो, नदीवर जाऊन आलो. तो ज्या ज्या काठावर बसू शकला असता, त्या प्रत्येक काठावर मी त्याला पालथा पडलेला पाहिला. रिक्षावाल्याने विचारले, "चाचा, कोई बीमार है क्या?" वहिनी म्हणाल्या, "चलाओ भैया."

तो तळ्यावरच होता. लव्हाळ्याच्या कडेला उकिडवा बसलेला, आणि त्याच्या पुढ्यात ओल्या गोणपाटात काहीतरी धडधडत होते. त्याच्या समोर, पाण्यात, गुडघ्यांवर धोतर खोचून काथोड पाटील उभे होते. मला बघताच ते म्हणाले, "या भाऊ. सकालपासून तुमची ड्युटी मी करतंय. पाय गारठलं." साळव्याने त्यांना सर्व सांगितले होते. दुखणे कोणते, खूण कोणती, आली तर काय करायचे. जन्मभर जे त्याने शाळेपासून, शेजाऱ्यांपासून लपवले, ते एका परक्या माणसाला त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. पाटलांनी फार विचार केला नव्हता. "मंग मी पान्यात उबा ऱ्हातो, मास्तर. तिकरनं तोंड दिसल तुमचं," एवढेच म्हणाले होते. मी संतापाने पुढे सरसावलो. साळवे माझ्याकडे न बघता वहिनींना म्हणाला, "बघ, केवढी आहे." वहिनींनी गोणपाट उचलून पाहिले. काळसर, जाड, सापासारख्या डोक्याचा मासा होता. मग त्या त्याच चिखलात त्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला कधी आणलं नाहीत इथे. भीती मला, आणि रविवार तुम्हा दोघांचे."

त्यानंतर आम्ही तिघे जाऊ लागलो. साळव्याने नंतर आणखी मरळी धरल्या. त्याला फिटही आली, एकदा, त्याच काठावर. वहिनींनी त्याचे डोके मांडीवर घेतले, मी त्याचे पाय पाण्यापासून बाजूला केले, पाटील पाण्यातून बाहेर आले, आणि थोड्या वेळाने तो उठून बसला व चहा मागू लागला. पाण्याने त्याला ओढून नेले नाही. नेता आले असते, असे कितीतरी रविवार पाण्याच्या हाताशी होते.

गेल्या आठवड्यात वहिनींनी विचारले, "भाऊजी, जायचं का?" तळे आता अर्धे बुजले आहे, पलीकडच्या अंगाला मुरुम टाकून पत्र्याचे गोदाम चढले आहे. उतरता काठ मात्र शाबूत आहे. पाटलांनी गोणपाट अंथरले. वहिनींनी काठी धरली, त्यांना ती धरता येते. मी नेहमीसारखा डाव्या हाताला, किंचित मागे बसलो, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आले की मला कोणाकडे पाहायचे कारण उरलेले नाही. मी पाण्याकडे पाहिले. लव्हाळ्यापाशी काहीतरी हलले. वहिनी कुजबुजल्या, "मरळच आहे ना ती?" इतकी वर्षे मी या तळ्यावर बसलो, आणि मला सांगता येईना...