डाव्या चाकात R

झालेलं काम दाखवायला देसाई सरांना पाठवायचा राहिलेला फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला आणि हातातला खंडेनवमीच्या पूजेचा नारळ तसाच खाली ठेवला. त्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक होता तो. आतल्या अ‍ॅडजस्टरवर R स्पष्ट दिसत होता. तिथं L पाहिजे.

गाडी अर्ध्या तासापूर्वी आमच्या फुलेवाडीच्या गॅरेजवरून गगनबावड्याकडं गेली होती. आत सर, त्यांची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई. घाट उतरून कोकणात जायचं होतं त्यांना.

मागच्या चाकात लोखंडी ड्रम असतो, पातेलं पालथं घातल्यासारखा. आत दोन शू, कमानीसारख्या पट्ट्या. पेडल दाबलं की शू पसरून ड्रमला घासतात. शू झिजतात तशी फट वाढते, ती आपोआप भरून काढणारा स्क्रू म्हणजे अ‍ॅडजस्टर. डाव्या-उजव्याचे आटे एकमेकांच्या उलट. अदलाबदल झाली, तर दर ब्रेकला फट वाढतच जाते.

चूक माझीच. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. त्यामुळं आदल्या दिवशी सगळं धुऊन-पुसून ठेवायची घाई. एरवी मी एक बाजू पुरी बसवून मगच दुसरी खोलतो. त्या दिवशी दोन्ही खोलल्या. ड्रम गंजून बसलेले, त्यांच्या भोकांत बोल्ट पिळून बाहेर ढकलले. शू बघितले, ब्रेक ऑइलचा सिलिंडर गळतोय का बघितलं, आणि दोन्हीकडचे पार्ट एकाच ट्रेमध्ये धुतले. तिथंच घोटाळा झाला.

सरांना फोन लावला. आउट ऑफ कव्हरेज. पुन्हा लावला, तेच.

मी पाटावरचे नट खोलायचे पाने उचलायला वाकलो, तशी बायको ओरडली, "अवो, पूजेतली हत्यारं हाईत ती!"

"सरांची गाडी घाटात चाललीय. ब्रेक मी चुकीचा बसवलाय."

झेंडूची फुलं बाजूला करून तिनंच पाने आणि जॅक पिशवीत भरले.

मोटरसायकलवर सगळ्या वाटेनं माझी नजर रस्त्याच्या कडेला. कुठं गर्दी दिसली की वेग कमी करून डोकावायचो. गगनबावड्यात चहाच्या टपरीपुढं गाडी दिसली, तशी मोटरसायकल तिच्यापुढंच आडवी लावली. चाकाखाली दगड होता.

"पावणं, तुम्ही इथं?" सर म्हणाले. "बरं झालं. हँडब्रेक वरपर्यंत ओढला तरी गाडी सरकत्या. म्हटलं, घाटात हँडब्रेक कशाला लागतोय? निघालोच होतो."

हँडब्रेकही त्याच शूंवर चालतो. स्प्रिंग निसटली असं खोटं सांगता आलं असतं, तोंडावर आलंही होतं. पण मागच्या सीटवर आजी पोरींच्या वेण्या घालत बसल्या होत्या.

"सर, उतरू नका घाट. माझ्या हातनं दोन्हीकडचे पार्ट बदली झाल्यात."

सरांनी सगळ्यांना खाली उतरवलं. मी आधी डावी बाजू खोलली, उजवी झाकलेलीच. डाव्यातला R काढून बाजूला ठेवला, मग उजवी खोलून L काढला आणि दोन्ही आपापल्या जागी बसवले. दोन्ही ड्रम चढवले, फट जुळवली. हँडब्रेक ओढून गाडी ढकलून बघितली. हलली नाही.

"झालं, सर."

"नक्की झालं?"

"व्हय."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मग घाट तुम्ही उतरवा."

तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, पण असा घाम कधी फुटला नव्हता. मागं एक पोरगी गाणं म्हणत होती. प्रत्येक वळणावर पेडल दाबताना मी श्वास धरत होतो. पेडल एकदाही तळाला गेलं नाही.

पायथ्याला सरांनी किल्ली घेतली, "जावा आता" एवढंच म्हणाले. मी एसटीनं मोटरसायकलपाशी परत आलो. सर पुन्हा गॅरेजला आले नाहीत, त्यांचंही बरोबर आहे.

आता सण असो की काही, एका वेळी एकच चाक खोलतो. आणि गाडी देताना मनात एकदा त्या ड्रायव्हर सीटवर बसून बघतो, मागं गिऱ्हाइकाची आई आहे असं धरून.