पंधरा मिनिटांचं इंग्रजी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चहाच्या गाळणीत चोथा साचतो तसे ते साचतात, आणि रोज झटकलं तरी थोडा चिकटून राहतोच. इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, इंदरगंजात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर माझा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. शाळेतून रिटायर झाल्यावर घरी बसून भिंती किती दिवस बघणार, म्हणून सुरू केला. लोक म्हणतात, तुमच्याकडे रोज हसायला मिळत असेल. मिळतं की! पण जिना उतरून घरी जाईपर्यंत त्या हसण्याचं काहीतरी वेगळंच झालेलं असतं.

* * *

आधी मी पुस्तकातून शिकवायची. पुस्तकात एक मिस्टर ब्राऊन होते. ते रोज बागेत जायचे, काल गेले होते, उद्या जाणार होते. तिसऱ्या दिवशी रश्मीनं हात वर केला. रश्मी माधवगंजात राहते, घर सांभाळते, तिची मुलगी पाचवीत इंग्रजी शाळेत आहे.

"मॅडम, हे ब्राऊन रोज बागेत जातात, मग ह्यांच्या घरचं कोण बघतं?"

वर्ग खो खो हसला. मला राग आला. मला तो लवकर येतो. पण रात्रभर तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझ्यासमोर बसलेल्यांपैकी बागेत जाणारं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं ते गेलंच. मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एक हिरवी, प्लास्टिकची, ती बोलणाऱ्याची. दुसरी लाकडी, एक हात तुटलेली, ती समोरच्याची. नियम दोनच केले. ज्याच्याशी इंग्रजीत बोलायची धास्ती वाटते, त्याचं सोंग कोणीतरी घ्यायचं आणि लाकडी खुर्चीत बसायचं. आणि वाक्य आपल्या घरातलं, खरं असलं पाहिजे. खोटं वाक्य कितीही शुद्ध असलं तरी मी फळ्यावर लिहिणार नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

* * *

लाकडी खुर्चीवर पहिल्या दिवसापासून हक्क भूपेंद्रचा. हा पाटणकर बाजारात साडीच्या दुकानात सेल्समन, वय पंचेचाळीस, मिशा झुपकेदार. दिवसभर बायकांशी बोलून त्यांच्या लकबी इतक्या अंगात भिनलेल्या, की सगळे बायकांचे रोल वर्गानं त्यालाच देऊन टाकले.

रश्मीला मुलीच्या शाळेतल्या मीटिंगची भीती. भूपेंद्र क्लासटीचर झाला. नाकावर चष्मा ओढून तिला असा काही झापायला लागला, की रश्मी हिरव्या खुर्चीतून उठून उभी राहिली आणि सलग सात वाक्यं इंग्रजीत बोलली. एकही चूक नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वाट बघत बसलो. रश्मी आली आणि हसायलाच लागली. शाळेतली टीचर सगळं हिंदीतच बोलली म्हणे! हिनं तरी हट्टानं आपली सात वाक्यं म्हणून घेतली.

"मग मुलगी काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हणाली, मम्मी, नेक्स्ट टाइम पापांना पाठव. तू बोलतेस तर सगळे बघतात."

हेही तिनं हसत हसतच सांगितलं. मग खिडकीजवळ जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत बाहेरचा चौक बघत राहिली. मी तिला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

* * *

भूपेंद्रची स्वतःची भीती म्हणजे आमच्या गावचा किल्ला बघायला येणारे परदेशी पाहुणे. त्यातलं कोणी बाजारात शिरलं की हा कपाटामागे जायचा. दहावीला इंग्रजीत नापास झाला आणि शाळा तिथेच सुटली होती.

चार महिने सराव केल्यावर एक गोरी बाई दुकानात आली. ह्यानं चंदेरीपासून सुरुवात करून पस्तीस साड्या उलगडल्या. प्रत्येक साडी कोणत्या कार्यात नेसतात, ते सांगितलं. बाईनं काही घेतलं नाही. पाऊण तास ऐकून जाताना म्हणाली, तुमचं इंग्रजी छान आहे. मालक भडकले. पस्तीस साड्यांच्या घड्या ह्याला एकट्यानं घालाव्या लागल्या.

"फिर भी मॅडम," तो मला म्हणाला, "छान आहे असं मला आजतक कोणी म्हटलंच नव्हतं. किसी भी चीज के लिए."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत मीही म्हटलं नव्हतं. मी फक्त चुका काढत होते.

* * *

मग एक दिवस जगताप काका जिना चढून आले. वय एकाहत्तर, सरकारी खात्यातून रिटायर झालेले. घराणं फौजेतलं, त्यामुळे पाठ अजून ताठ. शर्टाला कडक इस्त्री. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, मला सगळं इंग्रजी नको. मला फक्त पंधरा मिनिटांचं इंग्रजी पाहिजे."

काकांचा मुलगा समीर कॅनडात. त्याचा संसार मोडला. नात ईरा, सात वर्षांची, आईकडे राहते. आई तिकडचीच, म्हणून ईराला मराठी नाही, हिंदी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. शेवटच्या कॉलमध्ये तिनं पडलेल्या दाताची खिंड दाखवली होती आणि बिस्किट नावाची मांजर दाखवली होती. ती काहीतरी विचारत होती आणि काका नुसते हसत होते.

"ती बोलत जाते, मी बघत राहतो," काका म्हणाले. "लेकरू कुठवर बोलेल हो एकटं?"

आता ईरा कोण होणार? सगळ्यांनी भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्र उठला, चपला काढल्या, लाकडी खुर्चीत बसला आणि पाय हलवायला लागला. झुपकेदार मिशांची सात वर्षांची ईरा! हसून हसून पोट दुखायची वेळ आली. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, पुढे वाकले आणि विचारलं, "व्हॉट डिड यू ईट?"

* * *

काकांचं सगळं व्याकरण जेवणातून झालं. काय खाल्लंस, काय खातेस, काय खाणार आहेस, अजून का खाल्लं नाहीस, खाल्लं असतंस तर बरं झालं असतं. माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत इतक्या कमी वेळात कोणाचे काळ इतके पक्के झाले नाहीत. दुसरं काहीतरी विचारा, असं मी कितीदा सांगितलं. काका म्हणायचे, "बाई, पोट भरलेलं आहे हे कळल्याशिवाय पुढचं कसं विचारू?"

भूपेंद्रही तयारी करून यायचा. तिकडची मुलं काय खातात ते मोबाइलवर बघून ठेवायचा. तो पास्ता म्हणाला की काका मान डोलावायचे. मग दुसरा प्रश्न, दात आला का? तिसरा, बिस्किट कशी आहे? भूपेंद्र म्हणायचा, दात थोडा आलाय, बिस्किट मजेत आहे.

दर महिन्याला त्या रविवारनंतरच्या सोमवारी काका कॉलची हकीकत इंग्रजीत सांगायचे. ईरा हसली, ईरानं चित्र दाखवलं, ईरानं दोन पोळ्या खाल्ल्या. कॅनडात पोळ्या कोण करतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी त्या वाक्यातलं क्रियापद तपासलं आणि वाक्य फळ्यावर लिहिलं.

* * *

काकांचं घर रश्मीच्याच गल्लीत आहे. एका संध्याकाळी तिनं मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, काकूंनी मला सांगितलं. तुम्ही काकांना काही बोलू नका हं. फोन येतच नाही."

"कधीपासून?"

"ते क्लासला आले ना, त्याच्या पहलेपासून."

तो दाताच्या खिंडीचा कॉल शेवटचाच होता. पुढे आईनं घर बदललं, नंबर बदलला, समीरलाही ती मुलीशी बोलू देईना. भांडण मोठ्यांचं होतं. पण काकांनी मनाशी घेतलं, की आपल्याला बोलता आलं नाही म्हणून लेकरू कंटाळलं. आपण इंग्रजी शिकलो की फोन येईल. दर पहिल्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, फोन स्टुलावर उभा करून बसतात. काकू समोर बसून भाजी निवडतात. सात वाजले की काका उठून शर्ट खुंटीला लावतात.

मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. खरं वाक्य, खरं वाक्य म्हणून मी वर्षभर ज्या माणसाच्या मागे लागले होते, तो दर महिन्याला माझ्यासमोर उभा राहून काय बोलत होता! त्या दिवशी घरी जाऊन मी पुण्याला मुलीला फोन लावला. एरवी तिचा फोन आला की मी दोन मिनिटांत ठेवते, वह्या तपासायच्या असतात म्हणून. ती घाबरूनच गेली. आई, काय झालं, काय झालं, असं विचारत राहिली. मी म्हटलं, काही नाही, जेवलीस का?

पुढच्या सोमवारी काका म्हणाले, ईरानं काल गाणं म्हटलं. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. नियम मीच केला होता, मीच मोडला.

* * *

भूपेंद्रला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. रश्मी म्हणते तिनं नाही. पण एका सरावात तो पाय हलवता हलवता थांबला. पास्ता झाला होता, दात झाला होता. तो इंग्रजीत म्हणाला, "आजोबा, मी फोन करत नाही. पण मला तुमची आठवण येते."

हे आमच्या सरावात नव्हतं. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ह्या सगळ्यांना माहीत आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार. कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर काकाच बोलले.

"व्हॉट डिड यू ईट?"

भूपेंद्रनं मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, पास्ता. त्यानंतर काकांनी सोमवारची हकीकत सांगणं बंद केलं. सराव बंद केला नाही.

* * *

आता शेवटचं सांगते. हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

जूनमधली गोष्ट. संध्याकाळी सहाचा वर्ग होता, काका हिरव्या खुर्चीत, रश्मी खिडकीशी. काकांचा फोन वाजला. समीर होता. कोर्टात काहीतरी ठरलं होतं आणि ईरा सुट्टीत त्याच्याकडे राहायला आली होती. "बाबा, ईराला देतो," एवढंच तो बोलला, आणि स्क्रीनवर एक उंच मुलगी आली. केस कापलेले, दातांना तारा. मधे तीन वर्षं गेली होती. आमच्या वर्गात ती सातचीच राहिली होती. ती वाढेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"हॅलो?" ती म्हणाली.

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. ते स्क्रीनकडे बघत नुसते हसत होते. अगदी पूर्वीसारखं. "हॅलो?" ती पुन्हा म्हणाली, जरा हळू. मला वाटलं, संपलं आता.

भूपेंद्र उठला. चपला काढल्या. लाकडी खुर्चीत काकांसमोर बसला, त्यांच्या हातातून फोन अलगद घेतला आणि स्क्रीन त्यांच्याकडे करून आपल्या तोंडासमोर धरला. आता फोनच्या वर त्याचे केस दिसत होते आणि खाली शर्टाची बटणं. आणि त्याचे पाय हलायला लागले.

काकांनी कॉलर नीट केली. पुढे वाकले.

"व्हॉट डिड यू ईट?"

तिनं सिरिअल खाल्लं होतं. काकांनी मान डोलावली. मग विचारलं, दात आला का? मुलीला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, तो तर केव्हाच आला, आजोबा. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, क्रमाप्रमाणे. बिस्किट कशी आहे?

"बिस्किट डाइड," ती म्हणाली. "लास्ट विंटर."

भूपेंद्रचे पाय थांबले. आमच्याकडे बिस्किट नेहमी मजेत असायची. ह्याच्यापुढचं वाक्य आम्ही कोणीच कधी शिकवलं नव्हतं, आणि काकांकडे होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी संपलेलं होतं. ते बोटं चोळत बसले. मग अगदी सावकाश, एकेक शब्द शोधत त्यांनी विचारलं,

"दॅट डे... डिड यू ईट?"

मग ती म्हणाली, "नो."

आणि पुढे, "नोबडी आस्क्ड."

आणि मग ती सांगायला लागली. मांजर कुठे झोपायची, त्या दिवशी सकाळी काय झालं, तिला कुठे पुरलं. भराभर बोलत होती. काकांना त्यातलं निम्मंही कळत नसणार. ते मधेमधे फक्त "येस बेटा" म्हणत होते. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. भूपेंद्रचा दंड भरून आला होता, फोन हलायला लागला होता. रश्मी खिडकीजवळून उठली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं त्याच्या कोपराखाली आपला हात दिला.