तिसरी वायर

उन्हाळा लागला तसा कारंजा गावातल्या घरात मी कूलर स्वतःच जोडला. अर्थिंगची तिसरी वायर आखूड पडली, म्हणून सोडून दिली. दुसऱ्याच दिवशी लेकीने कूलरच्या ओल्या पत्र्याला हात लावला आणि ती किंचाळत मागे फेकली गेली. ती वाचली.

शेजाऱ्यांनी वायरमनला बोलावले. पन्नाशीचा माणूस, खिशात टेस्टर. त्याने मेन स्विच बंद केला आणि कूलरकडे न जाता आधी लेकीचा तळवा उलटसुलट करून पाहिला. मग ती सुटी वायर दिसली, तसा तो खालीच बसला.

"कोनं जोडला?"

"मीच."

"म्या बी असाच जोडला होता, माह्या घरी," तो म्हणाला. "बायको गेली. त्याच्यानंतर हे काम शिकलो."

त्याने आखूड वायरला एक तुकडा जोडून ती लांब केली आणि तिचे टोक माझ्या हातात दिले.

"तुमीच जोडा. मी पाहून राह्यलो."

मी जोडली. मेन चालू करून त्याने टेस्टर लावला. तेवढ्यावर त्याचे भागले नाही. पत्र्यावर त्याने स्वतःचा तळहात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि मगच आम्हाला जवळ येऊ दिले.