आबांनी सांगितलेला कोपरा

आमच्या पेठेत पोरगं जन्मलं की बाराव्या दिवशी त्याचे पाय रणझुंजार तालमीच्या लाल मातीला टेकवायचे, ही रीत. माझ्या नातवाचे, राजवर्धनचे, पाय टेकवले ते आमच्या ह्यांनी. गणपतराव म्हटलं, नुसतं आबा म्हटलं तरी पेठेतलं शेंबडं पोर बी वळखतं. मी न्हाय नाव घेत. तुमी पावणं, तुमास्नी कळावं म्हणून घेतलं.

तालीम मूळची कुस्त्यांची. पैलवान संध्याकाळी लंगोट सोडून चड्ड्या चढवायचे अन् अनवाणी फुटबॉल हाणायचे. नेसरीचा एक दांडगा गडी गोलात उभारायचा. बॉल एकदा कवटाळला की रेफ्री शिट्टी फुकून दमला तरी सोडायचा न्हाय! मग आमच्या ह्यांचा जमाना आला. डावा पाय असा की गोलकीपर हलायच्या आत जाळी हलायची. हळदीच्या दिवशी बी मॅच होती. पिवळ्या अंगानं मैदानात उतरले, दोन गोल मारून मांडवात आले. माझा बा भडकला, "असल्याला पोरगी द्यायची व्हय?" मी म्हटलं, द्या की!

आता तालमीत गोव्याचे, आफ्रिकेचे खेळाडू येत्यात, पगारावर खेळत्यात. चांगली पोरं हायेत, मला आज्जी म्हणत्यात. पर त्यांच्यापायी आमचा राजवर्धन दोन हंगाम नुसता बाकड्यावर बसला. त्याला बॉल मारायला ह्यांनीच शिकवलेलं. शेवटी पोरगं वैतागलं अन् पल्याडच्या पेठेच्या तालमीत सही करून आलं.

झालं! ह्यांनी अबोला धरला. एका घरात राहायचं, एका चुलीवरचं खायचं, अन् मधी मी तारवाली. "त्याला म्हणावं, गाडी नीट लाव." "आबांना म्हणावं, लावली." डोकं फिरायचं माझं. पोरगं घर सोडून जातंय की काय, ह्या भ्यानं मी रातच्याला उठून त्याचं अंथरूण बघून यायची.

अन् नेमकी फायनल आली, आमची तालीम अन् त्याची तालीम. आदल्या दिवशी आमच्या तालमीचा सेक्रेटरी ऋतुराज घरी आला. चहा पिऊन झाला अन् हळूच म्हणाला, "आबा, राजवर्धन पेनल्टी कुठल्या कोपऱ्यात मारतो?"

मी कपबशी आपटली. "लाज न्हाय वाटत रं? नातवाचा घात कराया आज्जालाच इचारतोस?"

हे मातूर शांत. "गोलकीपरच्या उजव्या हाताला, खाली. तालमीशी खोटं बोलणार न्हाय मी."

ऋतुराज गेला. मी रागारागानं भाकऱ्या बडवल्या. अंधार पडता राजवर्धन आला, बूट काढाय लागला. हे उठून त्याच्या म्होरं जाऊन उभारले. हंगामभरात पयल्यांदा त्याच्याशी बोलले.

"तुझा कोपरा मी तालमीला सांगितलाय. तुला कळलं पायजे, म्हणून सांगतो."

पोरगं एक बूट हातात घेऊन उठलं. मग म्हणालं, "बरं केलंसा आबा. मी तिथंच मारणार. अडवू दे की!"

फायनल बरोबरीत सुटली, टायब्रेकर लागला. दोन्हीकडचे गोल सारखे झाले अन् त्यांची शेवटची किक राह्यली. बॉल ठेवला आमच्या राजवर्धननं. गोलात आमच्या तालमीचा कबनूरचा बुद्धभूषण, दिवसा यंत्रमागावर काम करून सरावाला येणारं इमानी पोरगं. आम्ही आमच्याच तालमीच्या गॅलरीत. ह्यांनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

राजवर्धन धावला. बुद्धभूषण उजवीकडं झेपावला, बरोब्बर. बोटं बी लागली. पर बॉल असा सणसणत आला की बोटं वाकवून जाळीत गेला.

आमच्या गॅलरीतली सगळी तोंडं ह्यांच्याकडं वळली; कोपरा ह्यांनीच सांगितलेला, हे समद्यांना ठावं. बुद्धभूषण उठला, माती झाडत कुंपणापतूर आला अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "आबा, तुमी खरं सांगितलं हुतंसा! माझाच हात कमी पडला!"

ह्यांच्या डोळ्यातनं धारा लागलेल्या. तालीम हरली म्हणून का नातू जिंकला म्हणून, ते त्यांना तरी कुठं कळत हुतं? उभं राहून म्हणाले, "तुझा हात कमी न्हाय पडला, लेकरा. त्यो बॉल माझ्या राजाचा हाय. सांगून बी अडत न्हाय त्यो!"

अन् हरलेल्या गॅलरीत, सगळ्या पेठेसमोर, त्या म्हाताऱ्यानं दोन बोटं तोंडात घालून पल्याडच्या पोरासाठी शिट्टी मारली.

राजवर्धननं वळून बघितलं.

मी बी मारली मग. मला काय येत न्हाय व्हय?